टॉवेलबंदी

क्रांती कधीही टप्प्याटप्प्याने होत नाही, एका झटक्यात होते, असे रवींद्र सरांचे ठाम मत होते. हे मत ते कळमनुरीच्या शाळेत गेली अकरा वर्षे टप्प्याटप्प्याने शिकवत होते.

धाकट्या बहिणीच्या, संध्याच्या लग्नात त्यांनी ते अमलात आणायचे ठरवले. माइकवर नाव पुकारून पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यायची चाल एकदम बंद!

"आरं, औंदा नुसती टोपी बंद कर," आई जनकाबाई म्हणाल्या. "पुढच्या लग्नात टॉवेल जरा आखूड घे. पाव्हण्यायला सवय तर होऊ दे."

"आई, समाज असा इंचाइंचानं बदलत नसतो."

"समाजाचं मला काय ठाव? मी माह्या भावाचं सांगून राहिले."

लग्नाच्या दिवशी माइकवरून एकाही पाहुण्याचे नाव निघाले नाही. जनकाबाईंचे भाऊ ग्यानबा मामा शांतपणे उठले आणि मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. त्यांना एकटे वाटू नये म्हणून धाकटे मामा गेले. मग नवरदेवाचे काका निघाले. मुलीकडचे रुसलेले असताना मुलाकडच्यांनी नुसते बसून राहावे, हे त्यांना शोभेना. अर्ध्या तासात मांडवापेक्षा लिंबाखाली जास्त लग्न भरले.

सर धावत गेले. "मामा, टॉवेल पाहिजे काय तुमाला?"

"मला काहून पायजे? घरी ढीग पडलाय. पण नाव न्हाई पुकारलं ना राजा! लोकायला कसं कळावं, म्या आलतो म्हून?"

तेवढ्यात आतून संध्याचा निरोप आला. "मामा आल्याबिगर मी उभी राहणार न्हाई. दादाला म्हणावं, घाल आता क्रांतीच्याच गळ्यात हार."

सरांनी घाम पुसला आणि माइक हातात घेतला. "टॉवेल नाकारून समाजापुढं आदर्श ठेवणारे थोर सुधारक, ग्यानबा मामा!"

टाळ्या पडल्या. मामा लाजत आत आले आणि माइकपाशी उभेच राहिले.

"बसा, मामा."

"बसतो की. पण सत्कार असा रिकाम्या हातानं करत्यात व्हय?"

बाजारातून टॉवेल मागवले. ते पाहून लिंबाखालचा एकेक जण सुधारक निघाला. पूर्वी टॉवेल घ्यायला नाते लागायचे. नाकारायला काहीच लागत नव्हते. आचारी, बँडवाले, सहज डोकावलेला एक एसटी कंडक्टर, सगळे नाकारायला रांगेत उभे राहिले.

दोन तास उशिराने संध्याचे लग्न लागले.

थोरल्या बहिणीच्या लग्नात एकतीस टॉवेल लागले होते. ह्या लग्नात चौऱ्याऐंशी लागले.