न रडणाऱ्या धाकट्याची हकीकत

श्री बाळकृष्ण समर्थ. आदौ नमन त्या जगन्मातेस, जी एके कुशीत दोन जीव घालिते आणि वरून हात मात्र दोनच देते. तिचे तिला ठाऊक. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पक्षी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दौलतीत जुळे राजपुत्र जन्मास आले, त्या वर्षाचे वर्तमान ऐसे जे: दौलतीच्या धनीण वैजयंतीबाईसाहेब, आणि धनी जयवंतराव, हे दोघेही कचेरीचे चाकर; बाईसाहेब बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि राव सायंकाळी परतोन लंगोट धुण्याची कामगिरी शिरी घेत. घटकाभर आधी आले म्हणोन ओजसराव थोरले, आणि मागाहून आले ते मानसराव धाकटे. दोघांचे नाकडोळे एक, जावळ एक, परंतु स्वभाव पाहता जमीनअस्मानाचे अंतर. थोरल्यांचा गळा म्हणजे नौबतखाना. भूक लागली की रडावे, पोट भरले की रडावे, आणि काहीच नसले तर काही नाही म्हणोन रडावे, आणि मग तळमजल्याच्या चौकीदाराने मान वर करोन पाहावे. धाकटे मात्र गरीब गाय. पाळण्यात पडोन पंख्याकडे पाहावे, आपली मूठ आपणच चोखावी, आणि कोणी वाकोन पाहिले तर बोळके पसरोन हसावे. येणारेजाणारे म्हणत, "हा किती गुणी आहे गं!" आणि ते ऐकोन बाईसाहेबांस मोठा अभिमान वाटे. तो अभिमानच पुढे नडला.

त्या दौलतीत फत्ते कशास म्हणत, हे ज्याने जुळी पाळिली नाहीत त्यास सांगोन कळणे नाही. दोघे एके समयी निजले, फत्ते. दोघे न्हाऊनमाखून, वेखंड लावोन, दुपट्यात गुंडाळोन ठेविले आणि तरीही बाईसाहेबांच्या अंगावरील वस्त्र कोरडे राहिले, तर ती थोर फत्ते. चहा गरम असता प्याला गेला, तर मुलूखगिरीच म्हणावी, परंतु तैसे वर्षातून दोनचार वेळांच घडले. एकदा रविवारी जयवंतराव उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक ऐसे घेऊन ढेकर काढीत उभे होते, तों दोघांनीही एकदमच काढिली. रावांस हर्ष ऐसा जाहला की "वैजू, दोन्ही! दोन्ही एकदम!" म्हणोन आरोळी ठोकली, आणि मग पेंगुळलेले दोघेही राजपुत्र दचकोन जागे जाहले, आणि बाईसाहेब पदर खोचोन बाहेर आल्या आणि बोलल्या, "आता तूच निजव. तुझ्या आरोळीचं तूच निस्तर." राव पुढे दोन घटका खोलीत येरझारा घालीत होते. ऐसे दिवस गोड होते, परंतु गोड आहेत हे त्या काळी कोणास कळले नाही, कारण कळण्यास झोप लागते आणि झोप तर दौलतीतून परागंदा जाहली होती.

पुढे श्रावणमासी काय जाहले, ते ऐका. बाईसाहेबांची रजा अजून सरली नव्हती, राव कचेरीस गेले होते, दुपारची वेळ होती. थोरल्यांनी टाहो फोडिला म्हणोन बाईसाहेबांनी त्यांस घेतले, पाजिले, गुटी चाटविली, निजविले. मग दाराशी दूधवाला आला, मग कुकर शिट्या देऊ लागला, आणि मग पुन्हा टाहो ऐकू आला. बाईसाहेबांचे डोळे मिटत होते. एकास जाहले, आता दुसऱ्याचे, ऐसे मनी धरोन त्यांनी रडणारास उचलिले, आणि पाजिले, आणि गुटी चाटविली. तों थोरल्यांनी भडाभडा ओकारी केली आणि त्यात मघाचीच गुटी दिसली. एकासच दोनदा पाजिले होते! धाकटे सकाळपासोन उपाशी, मूठ चोखोन चोखोन बोटे पांढरी पडलेली, आणि हूं की चूं नाही. मूल रडल्याशिवाय आईही पाजीत नाही, ही म्हण बाईसाहेबांनी लहानपणापासोन ऐकिली होती, परंतु ती आपणासच लागू होईल ऐसे त्यांस स्वप्नीही वाटले नव्हते. त्यांनी धाकट्यांस छातीशी धरिले आणि रडत बसल्या, "अरे रड की रे मेल्या, एकदा तरी रड!" धाकटे पीत होते, आणि पिता पिता वर पाहोन हसत होते.

ते वर्तमान बाईसाहेबांच्या मातुश्री कावेरीबाई यांस कळले, आणि त्या एसटीने निघोन दुसरे दिवशी दाखल जाहल्या. त्यांचा मुलूख डोंगरापलीकडे, तेथे बाईसाहेबांचे वडील नाना अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेले, सबब मातुश्रींस येथे राहणे नाही. मग स्वयंपाकघरी मसलत बैसली. मातुश्री बोलल्या, "वैजू, तुझी दशा बघवत नाही मला. मला इथं राहता येत नाही, पण एकाला घेऊन जाते. दसऱ्यापर्यंत. दोन मला व्हायची नाहीत, नानांचंही बघायचंय." कोणास पाठवावे हा प्रश्न उभा राहिला आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहीना. अखेर बाईसाहेब बोलल्या, "मानसला ने. तो शहाणा आहे, कुणाकडेही राहतो. ओजस तुला जगू द्यायचा नाही." त्यात लबाडी नव्हती. तेथे त्यास एक अख्खी मांडी मिळेल, उपाशी राहणार नाही, हेही मनी होते. परंतु मातुश्रींनी पातेले पुसता पुसता हात थांबविला आणि बोलल्या, "शहाण्या लेकराला शहाणं म्हणू नये गं. मग सोसणं त्याच्याच वाट्याला येतं." बाईसाहेबांस ते बोचले, परंतु "आई गं, तू तरी नको बोलूस," ऐसे म्हणोन त्यांनी झबली आणि टोपडी पिशवीत भरिली. धाकट्यांचे कूच जाहले तेव्हा ते आजीच्या खांद्यावरोन मागे पाहत होते आणि हसत होते. पाळण्यात थोरले एकटे राहिले, आणि त्यांनी त्या दिवशी जितका आकांत मांडिला तितका जन्मल्यापासोन मांडिला नव्हता.

पहिल्या आठवड्यात बाईसाहेब पाळण्यातील धाकट्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहोन रडल्या. दुसऱ्या आठवड्यात सलग निजल्या. आणि तिसऱ्यात त्यांनी चहा गरम प्याला, रोज प्याला, आणि केस विंचरले, आणि खरे लिहायचे तर त्यांस बरे वाटले. येथेच सर्व घात जाहला. दसरा आला. मातुश्रींचा सांगावा आला, "न्यायला येता ना?" त्या दिवशी थोरल्यांस पडसे होते. बाईसाहेब बोलल्या, "याचं पडसं त्याला लागेल गं. दिवाळीत येतो." दिवाळी आली. रजा सरलेली, थोरले दिवसा पाळणाघरी, कचेरीत कामाचा डोंगर, वरी घरची साफसफाई. "एवढ्या गर्दीत प्रवास नको, संक्रांतीला बोरन्हाणाला आण, दोघांचं एकदमच करू." पडसे खरे होते, डोंगरही खरा होता. परंतु त्यांच्या आडोन झोप बोलत होती, आणि हे बाईसाहेबांस ठाऊक होते. जयवंतराव एकदा भीत भीत बोलले, "वैजू, फार दिवस झाले गं," तेव्हा त्यांजवर खेकसल्या, "तू उठणार आहेस का दोघांना?" आणि राव लंगोट पिळू लागले. रोज सायंकाळी मोबाइल नामे दर्पणात धाकट्यांचे दर्शन होई. ते तिकडे बसू लागले, रांगू लागले, खालचे दोन दात आले. मातुश्री दर्पण पुढे धरोन म्हणत, "ही बघ आई! आईला टाटा कर!" आणि धाकटे पुढे होऊन दर्पण चाटीत. बाईसाहेब हसत.

पौषमासी संक्रांत आली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस नेसलेली काळी साडी बाईसाहेबांनी पेटीतून काढिली, आणि कातर लाविली, आणि दोन झबली शिवावयास घेतली. थोरल्यांस उभे करोन, धरोन, मापे घेतली आणि त्याच मापाची दोन कापिली. जुळ्यांस माप एकच, त्यात विचारायचे काय? टीप टीप हाताने घातली, गळ्यास पांढरी नक्षी काढिली, हलव्याचे मुकुट दोन, बाजूबंद चार, हार दोन ऐसे दागिने घडविले. त्यांच्या मनी एवढेच होते की, लेकरू येईल, मी हात पुढे करीन, ते झेपावेल, आणि मग मागील सर्व फिटेल. सकाळी मातुश्री धाकट्यांस घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बाईसाहेबांनी भाकरतुकडा ओवाळिला, आणि हात पुढे केले, आणि "ये रे माझ्या सोन्या" म्हणाल्या. धाकट्यांनी त्यांजकडे नीट पाहिले. मग मान फिरवोन आजीच्या मानेत तोंड खुपसले. "नवं आहे गं त्याला, येईल," मातुश्री बोलल्या. नवं! ज्या घरी जन्मले ते घर नवे, आणि आई नवी.

मग दोघांस सजविण्याची वेळ आली. थोरल्यांचे झबले सहज चढले. धाकट्यांचे डोक्यातून उतरले ते खांद्याशी अडले. आजीच्या हातचे तूपभात खाऊन धाकटे चांगले बाळसेदार जाहले होते, दंड तर अस्सल पेढे. बाईसाहेबांनी एक हात घातला, दुसरा जाईना. ओढिले, तों काखेत टीप उसवली. साडीचा तुकडाही उरला नव्हता. धाकटे रडले नाहीत, हात वर करोन निमूट बैसले, जैसे काही चूक त्यांचीच. तेव्हा मातुश्रींनी हळूच आपली पिशवी उघडिली आणि आंतून एक काळे झबले काढिले, साधेच, बाजारच्या कापडाचे. "असू दे म्हणून शिवलं होतं," इतकेच बोलल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या. ते झबले बेताचे बसले, अगदी बेताचे. बाईसाहेबांनी उसवलेले झबले मुठीत धरिले आणि स्वयंपाकघरी गेल्या, आणि ओट्यास टेकोन उभ्या राहिल्या. जयवंतराव मागोमाग गेले. बाईसाहेब बोलल्या, "मला माझ्या पोराचं माप माहीत नाही, जयवंत." रावांनी पाण्याचा पेला पुढे केला.

बोरन्हाण मात्र थाटात जाहले. पाटावर दोघे शेजारी बैसले, आणि डोक्यावरोन बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, तिळाच्या रेवड्या ओतिल्या, आणि इमारतीतली पोरे तुटोन पडली. थोरल्यांनी मुकुट खाल्ला. धाकट्यांनी एक बोर उचलिले, न्याहाळिले, आणि थोरल्यांच्या मांडीवर ठेविले. सारे म्हणाले, "बघा, ओळखलं भावाला!" बाईसाहेबांस आनंद जाहला आणि त्याच क्षणी कळ आली, कारण भाऊ ओळखीचा निघाला आणि आपण नाही.

दिवस कलला. धाकटे आता येथेच राहणार हे ठरलेलेच होते. नानांस शेजाऱ्यांवर सोपवोन आलेल्या, म्हणोन मातुश्रींस संध्याकाळची एसटी धरणे प्राप्त होते. त्यांनी धाकट्यांचे पापे घेतले, बाईसाहेबांच्या हाती दिले आणि मागे न पाहता जिना उतरल्या. धाकट्यांनी जिन्याकडे पाहिले. रिक्षा सुरू जाहल्याचा आवाज आला. आणि तों काय! ज्याचा हुंकार नाही, ज्याने भुकेस तोंड उघडिले नाही, त्याने ऐसा टाहो फोडिला की चौकीदार जिन्यापर्यंत धावत आला. अंग मागे टाकिले, दोन्ही हातांनी बाईसाहेबांच्या छातीस रेटा दिला, दाराकडे झेप घेतली. थोरले तोंडातला हलवा तैसाच ठेवोन गप्प जाहले, आणि भावाकडे पाहत राहिले. जयवंतराव बोलले, "दे माझ्याकडे, मी फिरवून आणतो." बाईसाहेब बोलल्या, "नको." मग उंबऱ्यातच फतकल मारोन बैसल्या, लेकरास धरोन. किती दिवस ज्या रडण्याची वाट पाहिली ते आज आले, आणि आले ते दुसरीसाठी. त्यांनी उगी उगी म्हटले नाही. म्हणाल्या, "रड, सोन्या. पोटभर रड. मी ऐकतेय. जात नाही कुठं." धाकट्यांनी त्यांच्या दंडास चावा घेतला, दोन दात उमटले. दिवेलागण जाहली, तरी मायलेक उंबऱ्यातच होते. अखेर रडून रडून धाकट्यांची मान कलली ती त्यांच्याच खांद्यावर. माया म्हणोन की थकोन, हे बखरकारास ठाऊक नाही, आणि बाईसाहेबांसही नाही.

तात्पर्य ऐसे जे: पुढे फाल्गुनमासी धाकटे आईस बिलगू लागले, घास खाऊ लागले, आणि दौलत नांदती जाहली. परंतु आई चप्पल घालू लागली की धाकटे आजही धावत येऊन पदर धरितात, आणि तेथे शहाणपण कामास येत नाही. उसवलेले झबले पेटीत तळाशी आहे, त्यास टीप घातलेली नाही. आणि त्या घरी आता ऐसा रिवाज पडिला आहे की, दोघांपैकी एकाने टाहो फोडिला तर बाईसाहेब उठतात, आणि जो रडत नाही त्याजकडे आधी जातात. इति. जैसे घडले तैसे लिहिले, कमीजास्त आईच्या जिवास ठाऊक.