उघड्या डोळ्यांचा शुक्रवार

धारगळच्या त्या वाड्यावर ख्रिस्त्यांची घरं अकरा, आणि त्या अकरा घरांचं मिळून प्रार्थनेपुरतं एक लहानसं कपेल. त्याची देखरेख बस्त्यांवकडे होती, त्याच्या आधी बापाकडे. १९८७च्या मार्चमध्ये कपेलातली पेटी उघडली, तर गुड फ्रायडेला मिरवणुकीत काढायच्या, क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या लाकडी मूर्तीचं तोंड वाळवीनं खाल्लेलं. पाद्रीबाबांनी ते बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "असली मूर्ती लोकांपुढे नको. यंदा सगळ्यांनी मोठ्या इगर्जीत या."

बस्त्यांवला ते पटेना. वाड्यावर निम्मी माणसं म्हातारी, ती त्या लांबच्या चर्चपर्यंत चालणार कशी? आणि एकदा बंद पडलेली मिरवणूक परत कोण सुरू करतो? त्यानं पाद्रीबाबांचे पाय धरले, मूर्ती नवी करून आणतो म्हणाला. "बरं, गुड फ्रायडेला तीन वाजता बघायला येतो," म्हणून पाद्रीबाब गेले.

म्हापशाचा रंगारी पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. उरला एकच माणूस, गणपती करणारा कृष्णनाथ मेस्त. त्याच्याशी बस्त्यांवचं बोलणं बंद होतं. फेब्रुवारीत कोकणी गोव्याची राजभाषा झाली, तेव्हा बस्त्यांव कोकणीवाला आणि कृष्णनाथ मराठीवाला होता. दोघे भांडले ते मात्र एकाच बोलीत, शिव्यासुद्धा त्याच.

गरज पडल्यावर काय करणार? बस्त्यांवनं मूर्ती नेऊन कृष्णनाथच्या ओट्यावर ठेवली. "ह्याचा तोंड नीट कर," एवढंच बोलला.

"करतंय," कृष्णनाथ म्हणाला.

दोघेही ताठ. कुणी एक शब्द जास्त बोलला असता, तर पुढचं काही झालंच नसतं. पण माणसाला नको तिथं अब्रू आठवते.

कृष्णनाथनं वाळवीनं खाल्लेल्या जागी लांबीचं लुकण भरून तोंड घडवलं आणि बघतो तर डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे. त्याच्या धंद्यात डोळे नसलेली मूर्ती म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. डोळे सगळ्यांत शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी आखायचे. त्यानं तसे आखले, आणि आयुष्यात आखले नव्हते इतके सुरेख आखले. मग मूर्ती स्थानावर बसेपर्यंत तोंड दिसू नये म्हणून, गणपतीला झाकतात तसं, वर फडकं बांधून दिलं.

बस्त्यांवनंही ते सोडलं नाही. गुड फ्रायडेआधीच्या उपासाच्या दिवसांत कपेलातल्या सगळ्याच मूर्ती जांभळ्या कापडाखाली असतात. त्यात ही एक झाकलेली आली, म्हणून तो उलट खूश झाला.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता त्यानं फडकं काढलं. मूर्ती टक लावून त्याच्याकडे बघत होती. तो डावीकडे सरकला, तर नजर त्याच्याबरोबर डावीकडे आली. बस्त्यांव भर उन्हात अनवाणी धावत सुटला.

"मेल्या कृष्णनाथा, काय करून ठेवलंस? देवाचे डोळे उघडे!"

"मगे? देवाचे डोळे उघडेच असतले."

"अरे, मेलेलो देव तो! आज तो मेलेलो आसा!"

"मेलेलो आसा तर माझ्याकडे हाडलंस कित्याक? मी जीव घालतंय, ठावक नाय तुका?"

"पाया पडतंय तुझ्या. तीन वाजता पाद्रीबाब येतले. ते डोळे तेवढे मीट."

कृष्णनाथ खाली बसला. "आमचो प्रथमेश सुर्ल्याक ट्रकाखाली गेलो, तेव्हा त्याचे डोळे मिटत नव्हते. मी मिटले. ह्या हातांनी परत कोणाचे मिटूचंय नाय."

ट्रकावर कामाला जाणारं कृष्णनाथचं ते पोर बस्त्यांवनंही बघितलेलं. पण घड्याळ थांबत नव्हतं. "मग रंग दी. मीच फासतंय," असं म्हणून त्यानं डबी आणि ब्रश उचलला आणि तो पळाला.

आयुष्यात ज्यानं दारालासुद्धा रंग दिला नव्हता, त्यानं देवाच्या डोळ्याला दिला. उजवा डोळा कसाबसा मिटला. डाव्याकडे वळण्याआधी त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. जरा मागे होऊन बघतो तर काय, मेलेला देव चक्क डोळा मारत होता!

"कपाळ माझा!" म्हणून बस्त्यांव रडायलाच लागला. दूर रस्त्यावर पाद्रीबाबांची मोटरसायकल वाजली. एवढ्यात मागच्या दारानं कृष्णनाथ आत आला. घरी बसवलं नव्हतं त्याला. त्यानं मूर्ती बघितली आणि त्याचं तोंड कसनुसं झालं.

"अशी दशा करतत देवाची? दी तो ब्रश."

उजवा डोळा त्यानं पुसून नीट केला. मग डावा. तो मिटताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मात्र जरासुद्धा हलला नाही.

पाद्रीबाब आत आले आणि मूर्तीपुढे वाकले. "आत्ताच प्राण गेल्यासारखा वाटतो," ते हळूच म्हणाले.

"आत्ताच गेलो," कृष्णनाथ म्हणाला.

मिरवणूक निघाली. तोंडाचा रंग ओला, म्हणून लोकांनी फक्त पायांचे मुके घेतले. म्हाताऱ्या हंबरडा फोडून रडल्या. सगळ्यांत मागून कृष्णनाथ अनवाणी चालत होता. घरी आल्यावर तो थेट विहिरीवर गेला आणि त्यानं कपड्यांसकट अंगावर पाणी ओतून घेतलं.

"अहो, कोणाचा सुतक ह्या?" बायको, तारा, घाबरून म्हणाली.

"माझ्या हातांनी डोळे दिले, माझ्याच हातांनी मिटले. धा दिवस मूर्तीक हात लावूचंय नाय."

ईस्टरच्या रविवारी सकाळी बस्त्यांव ताटात सणाचा गोड दोदोल घेऊन आला. हकीकत कळल्यावर हसला. "सुतक कसला रे? तो उठलो! आज फाटेचो उठलो!"

कृष्णनाथ ताडकन उठला. "उठलो? खऱ्यानी?"

"खऱ्यानी. दर वर्सा तिसऱ्या दिसा उठता."

"मगे चल. डोळे उघडून येतंय त्याचे." तो ब्रश शोधायलाही लागला.

बस्त्यांवचं हसू मावळलं. "तसा नाय रे. उठलेल्याची मूर्ती वेगळी. ती मोठ्या इगर्जीत आसा."

"आणि आमची?"

"ती पेटीत. पुढल्या वर्सापर्यंत."

"डोळे मिटून?"

"मिटून."

कृष्णनाथ पुन्हा भिंतीला टेकून बसला. "म्हणजे माझ्या हातचो काय उठूक नाय," तो म्हणाला. "तीन दिवस झाले. सात उरले. दोदोल घरी घेऊन जा."

बस्त्यांवनं ताट झाकलं, पण तो गेला नाही. शेजारी जमिनीवर बसला. सुतकाच्या घरी आलेला माणूस लगेच उठत नसतो, एवढं त्यालाही ठाऊक होतं.