फिटरमास्तरांनी घासलेली मेमरी

बायकोचा कॉम्प्युटर जरा पळता करावा, एवढाच विचार फिटरमास्तरांच्या मनात आला होता. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट इतकंच, की तो अमलात आणायला ते स्वतः उठले.

कॉम्प्युटर जुना आणि बायकोचा भरतकामाचा प्रोग्राम त्याहून जुना. नव्या मशीनवर तो चालतच नसे, त्यामुळे या दोघांचा संसार मोडणं शक्य नव्हतं. एक नक्षी उघडेपर्यंत बायकोचे वाटीभर वाटाणे सोलून होत. आणि आज संध्याकाळी शाळेचा शिपाई गणवेशावरच्या बिल्ल्याची नक्षी न्यायला येणार होता. तिची ही पहिली मोठी ऑर्डर. बिल्ल्याचं थोडं काम बाकी ठेवून ती दोरे आणायला बाहेर पडली, आणि मास्तरांनी मशीनमधली मेमरीची पट्टी उपसून दुकान गाठलं.

"नवी, मोठी द्या. ही जुनी बदल्यात ठेवून घ्या."

"जुन्या मशीनला नवी बसत नाही, मास्तर," दुकानदार म्हणाला. "खाच वेगळ्या जागी असते."

"खाचेचं मी बघतो."

कारखान्यात मास्तरांचं एकच तत्त्व होतं: बसत नाही म्हणजे अजून घासलं नाही. छोटी कानस त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे (लग्नाच्या फोटोतही ती दिसते). घरी येऊन त्यांनी पट्टी चिमट्यात धरली आणि प्रेमाने घासली. खाच सरकली. तिच्यासोबत चारदोन सोनेरी दातही गेले, पण एवढं तेवढं चालायचंच. पट्टी जागेवर लोण्यासारखी बसली. मास्तरांनी बटण दाबलं आणि मशीन ओरडू लागलं.

तेवढ्यात बायको दारात.

"अहो, हा आवाज कसला?"

"मशीन बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"तेच समजून घेतोय."

तिने उघडी पेटी पाहिली, टेबलावरचा सोनेरी भुसा पाहिला आणि शेवटी नवऱ्याचा खिसा पाहिला. मग तिला काही सांगावं लागलं नाही. "माझी जुनी पट्टी कुठंय?" एवढंच तिने विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता, की मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं.

घासलेली पट्टी घेऊन दोघं दुकानात धावली. दुकानदार खुशीत होता. त्याच्याकडे तशीच एक जुनी पट्टी एकटी पडून होती. आता जोडी जमली, म्हणून त्याने दोन्ही आपल्या बिलाच्या जुन्या मशीनमध्ये बसवल्या होत्या.

"वहिनी, कधीपासून शोधत होतो हो. आता कसं पळतंय बघा."

वहिनींनी पाहिलं. मग त्याच्या साध्या शर्टाकडे पाहिलं. "दुकानाचं नाव भरून देते शर्टांवर. तुमच्या आणि कामगारांच्याही. पण जोडी मला हवी."

दुकानदाराने क्षणभर डोकं खाजवलं. "न्या. मी बिलं हाताने लिहीन. हात जुनाच आहे, त्याला सगळं चालतं."

जोडी बसली आणि कॉम्प्युटर असा पळाला, की वाटाणे हातात घ्यायलाही उसंत मिळाली नाही. शिपाई आला तेव्हा नक्षी तयार होती. बायको इतकी आनंदात होती, की तिने मास्तरांना माफ केलं, फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत एकटं जायला बंदी घातली.

भरलेले शर्ट पोचवायला मास्तरच गेले. दुकानात काचेच्या कपाटात, अगदी मधोमध, त्यांची घासलेली पट्टी मांडलेली होती. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "जुन्यात नवी बसवता येईल का हो?" दुकानदाराने नुसतं कपाटाकडे बोट केलं.

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. "कोण हा महाभाग?"

"पण काम सफाईदार आहे," मास्तरांना राहवलं नाही.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"लांबचा नातेवाईक आहे," मास्तर म्हणाले.

गिऱ्हाईक त्यांच्या खिशाकडे बघत राहिलं. कानस नेहमीसारखी तिथून डोकं बाहेर काढून उभी होती.