सौम्य की मूळ?

पाक हार्दोयोंनी (पाक म्हणजे तिकडचं 'राव') ठरवलं, की राग आता माणसांपुढे नाही, यंत्रापुढेच काढायचा. सोलो शहरातला माणूस तोंडावर कधी रागावत नाही, आणि हार्दोयो तर पाटबंधारे खात्यातले कारकून. (म्हणजे रागावण्याचा अधिकार दुहेरी काढून घेतलेला.) म्हणून त्यांनी घरच्या संगणकात एक बोलका मदतनीस बसवून घेतला. दोन कळा एकदम दाबायच्या, टुंग वाजलं की बोलायचं. तो इंटरनेटवरचा नाही, डब्यातल्या डब्यात चालणारा होता.

"घरातलं घरात राहतं," ते बायकोला, बू सुमिनींना (बू म्हणजे 'बाई') सांगायचे. "परक्या कंपनीचा कान नाही की काही नाही."

"घरात कान कमी आहेत का?" सुमिनी म्हणायच्या. कमी कुठले? घरात हार्दोयोंच्या सासूबाई होत्या, आणि त्यांना लाताह होती. दचकल्या की कानावर पडलेला शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून चार-चारदा सुटायचा. भाजीवाली मुद्दाम मागून "दोन किलो!" ओरडायची आणि घरात दोन किलो वांगी यायची.

त्या दिवशी हार्दोयोंचा संताप अनावर झाला होता. मुलीचा, नस्तितीचा साखरपुडा ठरला होता. मुलगा बाताक, म्हणजे मनातलं तोंडावर बोलणाऱ्या लोकांतला, वडील पाक हुतापेआ, मुक्काम दूरच्या मेदान शहरी. आणि त्या गृहस्थांचा निरोप आला होता, "आम्ही साठ जण येतोय."

साठ! हार्दोयोंच्या बैठकीत वीस माणसं बसली की एकविसावा खिडकीतून बोलतो. त्यांनी दोन कळा दाबल्या. टुंग!

"लिही! अहो मिशाळ गृहस्थ, साखरपुडा आहे की स्वारी? साठ माणसं काय माझ्या डोक्यावर बसवू? वीस आणा, नाहीतर आपापला भात बांधून आणा!"

"लिहिलं, पाक. आता सौम्य करतो," यंत्र म्हणालं, आणि त्याने वाचून दाखवलं, "आपण आमच्या गरिबाघरी पायधूळ झाडावी, हे आमचं भाग्य. जागा लहान असली तरी मन मोठं आहे."

"वा! यात सगळं आलं," हार्दोयो खूश झाले.

"काय आलं?" सुमिनी कडाडल्या. "हे वाचून ते सत्तर घेऊन येतील, पाक!"

"समजणाऱ्याला समजतं, बू." आणि हार्दोयोंनी पुन्हा कळा दाबल्या. "पाठव."

हार्दोयोंना ऐकायला जरा कमी येई, म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला होता. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन नेमक्या संगणकाच्या मागून आल्या, आणि त्यांच्या कानाशीच यंत्र गरजलं, "सौम्य पाठवू की मूळ?"

"मूळ! मूळ! मूळ!" सासूबाई किंचाळल्या. ट्रे खाली, चहा हार्दोयोंच्या लुंगीवर.

"जी. मूळ पाठवला."

"पाठवला! पाठवला!"

"अरे थांबव!" हार्दोयो ओरडले.

"थांबव! थांबव!" सासूबाईंनी साथ दिली.

"काय थांबवू, पाक?" यंत्राने अदबीने विचारलं. (अदब! ह्या वेळी!)

निरोप तिकडे वाचलाही गेला होता. सुमिनींनी ट्रे उचलला. "मोडलं माझ्या पोरीचं लग्न. आता तिला तोंड तुम्ही दाखवा."

"मी? माझा काय दोष? मी सौम्य म्हणणार होतो! तुमच्या आई—"

तेवढ्यात फोन वाजला. हुतापेआ! हार्दोयोंनी तो कानाला लावला. पलीकडून गडगडाटी हसू आलं, आणि मागोमाग बाताकांचा रामराम.

"होरास, भाऊ! सहा महिने तुमचे गोड निरोप वाचतोय, एकाचा अर्थ लागेल तर शपथ! कालच बायकोला म्हटलं, ह्या माणसाच्या पोटात काय आहे तेच कळत नाही, तिथे पोरगा द्यायचा कसा? सोयरीक नकोच म्हणणार होतो. आज कळलं! तोंडावर शिव्या घालणारा माणूस म्हणजे आमच्यातलाच!"

हार्दोयोंचा जीव भांड्यात पडला. पोरीचं लग्न वाचलं, आणि तेही त्यांच्या रागामुळे! त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढली. "मग... माणसांचं कसं करायचं?"

"अहो, साठ हा परक्यासाठीचा आकडा होता! भावाच्या घरी येताना चुलते, मामा मागे कसे ठेवायचे? नव्वद येतो! काय म्हणता? बोला मघासारखं, मोकळं!"

"नाही म्हणा," सुमिनी त्यांचा दंड चिमटत कुजबुजल्या. "वीस म्हणा!"

हार्दोयोंनी घसा खाकरला, डोळे मिटले, सगळा राग जिभेच्या टोकावर आणला.

"आमचं भाग्य," ते म्हणाले. "पण नव्वदच?"