भैरवकुमारचे कान

रविवारी भैरवकुमार जेवायला येणार आहे, हे बायकोला सांगायचं नाही असं मी ठरवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

भैरवकुमार कोण, असं विचारणाऱ्या वाचकांची मला कीव येते. विहिरीतून निघणारा मुडदा तोच. डावा पाय ओढत कबरस्तानातून चालणारा, दोन सुळे बाहेर काढून हसणारा तोच. त्याचे चित्रपट तीन आठवड्यांत तयार होतात, वटवाघळाच्या पाठीवरचा दोरा पुढच्या बाकावरून स्पष्ट दिसतो आणि कबरीला नायिकेचा धक्का लागला की कबर हलते. हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर मी अमरावतीतल्या आमच्या पत्रातून या चित्रपटांसाठी सतत लढत आलो. आमचे संपादक खुशालराव म्हणायचे, "हरिहर, नगरपालिकेच्या नळाबद्दल लिही." मी नळाबद्दल लिहायचो आणि शेवटच्या परिच्छेदात भैरवकुमारवर यायचो. त्याला नावं ठेवणाऱ्यांना मी राजकमल चौकात जाहीर वादाचं आव्हान दिलं होतं. (कोणी आलं नाही. तो मी माझा विजय समजलो.) एकदा तर छापूनच टाकलं, की हा माणूस मेकअपच्या कितीही थरांखालून आणि कितीही गर्दीत मी ओळखीन. प्रत्येक लेखाचं कात्रण त्याला मुंबईला पाठवत होतो. उत्तर कधी आलं नाही. मोठी माणसं कामात असतात.

त्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आपल्या चित्रपटासाठी अकोल्याला आला आणि जठारपेठेत थिएटरवाल्यांकडे उतरला. मी लगेच गाडीनं अकोल्याला गेलो. तो झोपला होता. माझं आमंत्रण घेऊन मॅनेजर आत जाऊन आला आणि म्हणाला, "रविवारी दुपारी जेवायला येतो म्हणतात. पण आता तुमी जा."

बायकोला, म्हणजे अनसूयेला, न सांगण्याचं कारण शालू. शालू ही तिची धाकटी बहीण. वडील गेल्यापासून आमच्याकडेच असे. त्याच रविवारी संध्याकाळी अचलपूरहून मुलाचे काका तिला पाहायला येणार होते. मोरोपंत त्यांचं नाव, निवृत्त हेडमास्तर. मुलगा शालूला मनापासून पसंत होता. वडील असताना तो नागपूरच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता, पण त्यांच्या घरात काकांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. आधी चांदूर रेल्वे या गावच्या मंडळींनी शालूला ओसरीवर फेऱ्या मारायला लावून कळवलं होतं की मुलगी चालताना उजवीकडे कलते. तेव्हापासून तिनं बजावलं होतं, की आता एकदाच, मग कुणासमोर चालणार नाही. अशा दिवशी मी घरात भूत जेवायला घालतोय, हे अनसूयेला कसं सांगणार? म्हणून सांगितलं की पेपरातला एक माणूस येतोय. भूत दुपारी, काका संध्याकाळच्या बसनं. मधे हवा तेवढा वेळ होता.

दुपारी कडी वाजली. दार उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. उंच, हाडकुळी मूर्ती. काळा कोट, हातात टोपी. खोल गेलेले डोळे, उभे राहिलेले केस आणि ओठांत न मावणारे दोन दात.

"हरिहरराव इथंच राहतात काय?" आवाजही विहिरीतून आल्यासारखा.

"या, या. मी कधीचा वाट पाहतोय. आणि तुम्ही तर अगदी आहात तसेच आलात. काहीसुद्धा न लावता."

"काय लावाचं होतं?" असं म्हणून ते बसले. मी समोर बसून डोळे भरून पाहिलं. मग राहवेना.

"एक विनंती आहे. जरा चालून दाखवता?"

"मी?"

"इथून त्या खिडकीपर्यंत. आमची फार दिवसांची इच्छा आहे."

ते सावकाश उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र हललं. (अभिनय, मला वाटलं.) ते खिडकीपर्यंत गेले.

"असं नाही हो. डावा पाय ओढत."

"माह्या पायात दोष नाही."

"दोष कसला? तीच तुमची खुबी. लाजू नका, घरचेच आहोत."

हेडमास्तरांनी (ते हेडमास्तर आहेत, हे मला मागाहून कळलं) डावा पाय ओढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा समोरच्यानं ठाम आवाजात सांगितलं की ऐकायचं, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं.

"वा. आता दात. हे खरे आहेत?"

"खरेच आहेत."

"जरा ओढून पाहू?"

"काहून?" ते भिंतीला टेकले.

"बरं, राहू द्या. एकदा मोठ्यानं हसा."

"मले हसू येऊन राहिलं नाही."

मी आत हाक मारली, "अगं, बाहेर या दोघी. घाबरू नका. माणूस तोंडानं असा आहे, स्वभावानं गरीब आहे."

अनसूया पदर सावरत आली, मागून शालू. पाहुणे कोट झटकत म्हणाले, "मी अचलपूरचा मोरोपंत. मुलाचा काका. सकाळचीच बस भेटली म्हणून लवकर आलो. पोरगी पाहायले आलो होतो. पण तुमच्यात आधी काकाले पाहतात, हे मले कोणी सांगतलं नव्हतं."

अनसूयेनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर भैरवकुमारला जमली असती तर त्याचे चित्रपट दिल्लीपर्यंत चालले असते. मोरोपंतांनी टोपी उचलली.

तेवढ्यात पुन्हा कडी वाजली. दारात एक बुटका, टकला, हसतमुख गृहस्थ संत्र्यांची करंडी घेऊन उभा. माझा सगळा संताप त्याच्यावर निघाला.

"विमा नको. आज काहीच नको."

"थांबा," मागून मोरोपंत म्हणाले. त्यांनी टोपी खाली ठेवली, पुढे आले आणि त्या गृहस्थाला बाजूनं न्याहाळू लागले. "भैरवकुमार?"

गृहस्थानं मान झुकवली.

"तुम्ही कसं ओळखलं?" मी विचारलं.

"कान. मेकअपवाला सारं झाकते, कान कसे झाकीन?" मोरोपंतांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "परतवाड्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये शाळेची पोरं जातात का, ते पाहायले मी जात होतो. प्रत्येक खेळाले."

मग त्यांनी जायचं नाव काढलं नाही. पाटावर भैरवकुमारशेजारी बसले आणि मुडदा विहिरीतून कसा निघतो ते विचारू लागले. (जे प्रश्न मी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, तेच. मी ताक वाढत होतो.) शालू वरण घेऊन आली तेव्हा त्यांना कामाची आठवण झाली.

"पोरी, बस. चालून दाखवाचं काम नाही. पाय ओढा म्हणतात अन् आपण ओढून राहतो, ते काय असते ते आज समजलं."

"मी ओढत नाही," शालू म्हणाली, "उजवीकडे कलते. चांदूर रेल्वेचा निकाल आहे."

मोरोपंत हसले. मोठ्यानं, दोन्ही दात बाहेर काढून. ते हसू ऐकून भैरवकुमारचा हातातला घास पानात पडला. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "आपण कधी काम केलंय का?"

"आता लग्नाचंच काम," मोरोपंत म्हणाले. "पोरगी आमची झाली."

अनसूयेनं डोळे टिपले. वातावरण निवळलं, तसा मी खाकरून भैरवकुमारला विचारलं, "माझे लेख मिळत होते ना?"

"मिळतात ना. बायको वाचते." तो जरा घुटमळला. "ती तर म्हणत होती, या माणसाकडे जाऊ नका. मी म्हटलं, नाही गेलो तर आणखी लिहील. मग तिनं हे बांधून दिलं."

त्यानं सदऱ्याची बाही वर सरकवली. दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत होता.

मोरोपंतांनी वाकून तो नीट पाहिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कुठं भेटते? लग्नाले आमच्याकडचे बरेच लोक येतीन."