न्हावऱ्याच्या पाराचे विलायती संशोधन

संशोधनाला सर्वांत मोठा धोका असतो तो ते पूर्ण होण्याचा. विलायतेतील एका संस्थेने हा धोका वेळीच ओळखला आणि विद्वानांना दोन वर्षे राहायला खोली, बसायला खुर्ची व रोज दुपारी केक देण्याची व्यवस्था केली. खोल्या चोवीस, विद्वान चोवीस, पूर्ण प्रबंध शून्य. (संस्थेची कीर्ती उगाच नव्हती.)

दौंडच्या शाळेतले पाशा मास्तर १९५८ साली तिथे निवडले गेले. विषय : 'न्हावरे येथील वडाच्या पारावर बसण्याची पद्धत'. अर्ज त्यांनी बायको, खुर्शिद, गेल्यावर केला. घरात चहाचे दोन कप होते. त्यातला एक आता कोरडाच राहायचा, आणि त्या कपापासून मास्तरांना जमेल तितके लांब जायचे होते.

दौंड स्टेशनावर निरोपाला न्हावऱ्याचे पोपटराव आले. पारावरची सर्वांत जुनी जागा त्यांची.

"मास्तर, आमी हितं फुकाट बसतोय, आन् तुमाला बसायचं शिकाया विलायतंला धाडत्यात व्हय?"

"शिकायला नाही, आबा. लिहायला."

"मंग बसनार कवा?"

तेवढ्यात गाडी सुटली.

तिकडे गेल्यावर मास्तरांच्या हातून चूक झाली. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या धाकाने शनिवारी काम हातावेगळे करायची त्यांची जुनी सवय. पहिल्याच शनिवारी त्यांनी पुरा झालेला प्रबंध संचालकांच्या टेबलावर ठेवला.

संस्थेवर शोककळा पसरली. शेजारच्या खोलीतले विद्वान मुदत वाढवून घेत नऊ वर्षे प्रस्तावनाच लिहीत होते. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेऊन सांत्वन केले. नियम स्पष्ट होता : ज्याचे काम संपले, त्याने घरी जावे. बोटीचे तिकीट निघाले. मास्तरांना तो कोरडा कप दिसू लागला.

शेवटची तपासणी म्हणून समिती बसली. (समितीही बसते, हे मास्तरांनी टिपून घेतले.) सावलीबरोबर सरकणे, टेकायला खोड कोणी घ्यायचे, उठताना "चला" म्हणणे आणि त्यानंतर अर्धा तास न उठणे, सगळे तपासले. एकही उणीव सापडेना. मग संचालकांनी सहज विचारले, "पण ही माणसे घरी का जात नाहीत?"

मास्तरांनी प्रबंधाचे शेवटचे पान उलटून पाहिले. मग म्हणाले, "तेवढं मला अजून लिहिता आलेलं नाही."

समितीला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. तिकीट रद्द झाले, मुदत वाढली, केकही वाढला. तेव्हापासून संध्याकाळी चोवीसही विद्वान संस्थेच्या पायरीवर बसतात. कोणीतरी "चला" म्हणतो. उठत कोणी नाही.

संशोधन चालू आहे. नमुने कमी पडल्यामुळे आता गोष्टी वाचत बसणाऱ्यांचीही गणना होते. तेव्हा आपण इथवर बसलाच आहात तर सांगा, घरी कोणी आपली वाट पाहत आहे का? नसेल, तर पायरीवर जागा आहे. असेल, तर आपण अजून इथे काय करत बसला आहात?