हळदीतला तास

कुरुंद्यात शिकलेल्या सुना रग्गड आहेत, पण घरच्या स्लॅबवर बसून पार डोंगरकड्यापर्यंतच्या पोरांना शिकवणारी सून एकट्या सुमनबाईंच्या घरी. हे म्हणणं सुमनबाईंचंच. गिरणीत, नळावर, मयतीला, जिथं चार बाया दिसतील तिथं त्या ते ऐकवत. स्वतः दुसरीतून शाळा सोडलेली, पण तोरा असा, की मोबाइलचा टावर जणू यांनीच रोवला.

सून प्रियदर्शनी खाजगी शाळेत कंत्राटी मास्तरीण. परीक्षा तोंडावर आली म्हणून दहावीचा जादा तास ती संध्याकाळी मोबाइलवर घेई. रेंज सापडे ती फक्त स्लॅबच्या कोपऱ्यात, आणि बाकी स्लॅबभर शिजवलेली हळद वाळत पडलेली. सासूनं तिला हळदीतून वीतभर पायवाट काढून दिली होती, तीही अनवाणी पायांसाठी.

त्या दिवशी मात्र सुनेचा चेहरा उतरलेला. तालुक्याचे शिक्षण अधिकारी नेमसिंग साहेब आज तिचा तास मोबाइलवर पाहणार होते. तास जमला तर पुढच्या वर्षी नोकरी, नाहीतर रामराम.

"मंग पाहू दे की," सुमनबाई म्हणाल्या. "तुह्यात कमी काय हाय?"

"माझ्यात न्हाई हो, आत्याबाई. पोरं कॅमेरा बंद करून लोळतात. काही विचारलं तर एक बोलत न्हाई. साहेबाला दाखवू काय?"

सुमनबाईंना यातलं अर्धंच कळलं. साहेब सुनेला पाहणार, एवढं मात्र पक्कं कळलं. मग असला मान एकटीनं काय बघायचा? त्यांनी शेजारच्या अख्तरीला हाक मारली.

वर तास सुरू झालेला. पोत्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर प्रियदर्शनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होती आणि पलीकडं सगळं चिडीचूप. तेवढ्यात सुमनबाईंच्या मागोमाग अख्तरी जिना चढून आली, ती चपलेसकट थेट हळदीत, आणि मोबाइल दिसताच सुमनबाईंच्या पाठीमागं दडली.

सुमनबाईंचा आवाज असा, की वावरातून ओरडल्या तर सडकेवरची एसटी थांबावी.

"आधी त्या चपला काढ! लाज हाय का न्हाई? अन् मागं काहून दडून राहायचं? समोर ये, तोंड दिसू दे. आली तर बोल की दोन शब्द, तोंड शिवलं काय?"

"पाहायला बोलावलं अन् वरून शिव्या व्हय?" अख्तरी पुटपुटली. ते मोबाइलला ऐकू गेलं नाही. सुमनबाईंचं मात्र अक्षर न् अक्षर गेलं.

पटापट चौकोन उजळले. कोणी पांघरुणातून उठलं, कोणी भाकरीचा घास गिळला, आणि सगळा वर्ग खाली वाकून चपला काढू लागला. वर आला तो पाठ ताठ करून. उत्तरही सगळ्यांनी एकदमच दिलं. शेवटी एका चौकोनात झुबकेदार मिशा उगवल्या.

"मॅडम, मी नेमसिंग. चपला काढल्यात. खुर्चीवर बसलो तर चालंल ना?"

प्रियदर्शनीनं डोळेच मिटले. गेली नोकरी.

"सगळी हजर, सगळ्यांची तोंडं दिसतात, सगळी बोलतात," साहेब म्हणाले. "मोबाइलवरचा असा तास मी कुठं पाहिला न्हाई. त्या मागच्या बाई कोण?"

"सासूबाई आहेत, सर."

नोकरी राहिली. वर साहेबांचा निरोप आला, की रविवारी तालुक्यातल्या समद्या शिक्षकांना त्या बाईंनी मोबाइलवरूनच शिस्त शिकवावी.

तोवर ही बातमी सुमनबाईंनी साऱ्या गावाला पुरवली. रविवारी नथ घालून, जरीचं लुगडं नेसून त्या मोबाइलसमोर बसल्या. समोर तालुकाभरचे मास्तर, कॅमेरे चालू, वह्या उघड्या, कोणी हूं की चूं करीना. सुमनबाईंनी एकेक चौकोन निरखला. पुन्हा पहिल्यापासून निरखला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला की, आत्याबाई," सून कुजबुजली.

"काय बोलू, कपाळ? समदे शहाण्यासारखे बसून राहिले. एकाला तरी चुकू दे की."